जँगोच्या फॉर्ममध्ये हिडन फील्ड: काय ठेवायचं, काय काढायचं

कुठल्याही ऑर्डर फॉर्मवर राइट क्लिक करा, इन्स्पेक्ट निवडा आणि ‘टाइप’समोर ‘हिडन’ लिहिलेली इनपुटं, म्हणजेच हिडन फील्डं, शोधा. व्हॅल्यूवर डबल क्लिक केलं की ती बदलता येते आणि सबमिट दाबलं की बदललेलीच व्हॅल्यू सर्व्हरकडे जाते. यासाठी हॅकर असावं लागत नाही. सदाशिव पेठेत नागनाथ पाराजवळ दिवाळीचा फराळ करून विकणाऱ्या एका काकूंची जँगोत (वेबसाइट बांधायच्या पायथन फ्रेमवर्कमध्ये) लिहिलेली साइट माझ्याकडे दुरुस्तीला आली, तेव्हा मी हेच त्यांच्यासमोर करून दाखवलं. चकली ५६० रुपये किलो होती. ती मी एक रुपया केली आणि पाच किलोची ऑर्डर टाकली. साइटने इमानेइतबारे पाच रुपयांची पावती दिली.

‘‘अगं, यात भाजणीचं दळणसुद्धा होत नाही,’’ काकू म्हणाल्या.

‘‘म्हणूनच म्हणते काकू, दर फॉर्ममधून घ्यायचाच नाही. तुमच्या रेटकार्डातून घ्यायचा.’’

त्या फॉर्ममध्ये आधीच्या डेव्हलपरने चार गोष्टी लपवल्या होत्या: पदार्थाचा दर, ग्राहकाचा आयडी, डिलिव्हरीची तुकडी आणि ऑर्डर झाल्यावर कुठल्या पानावर परत जायचं तो पत्ता. चौघांचा निकाल वेगवेगळा लागला, त्यामुळे समजवायला हा फॉर्म चांगला आहे. (क्लास आणि फंक्शनांची नावं मी बोलते तशी लिहिली आहेत. टाइप करताना स्पेलिंग जँगोच्या डॉक्युमेंटेशनमधून घ्या.)

हिडन फील्ड जुनंच आहे. १९९५ च्या एचटीएमएल २.० मध्येही ते होतं, आणि काम तेव्हाही एवढंच होतं: सर्व्हरने दिलेली चिठ्ठी ब्राउझरने फॉर्मसोबत परत आणून द्यायची. लपतं ते फक्त पडद्यावरून. सारसबागेत चप्पल ठेवली की बिल्ला मिळतो, तसं हे वापरावं. बिल्ल्यावर नुसता नंबर, चप्पल आत. कुठलंही हिडन फील्ड टाकण्याआधी मी एकच प्रश्न विचारते: ही माहिती सर्व्हरला स्वतःहून कळू शकते का? कळत असेल तर ती फॉर्ममध्ये नको. कळत नसेल, तर तिथे फक्त नंबर ठेवायचा आणि परत आल्यावर तो नव्याने तपासायचा.

ग्राहकाचा आयडी

हे सगळ्यात सोपं. लॉगिन केलेला माणूस कोण आहे हे ‘रिक्वेस्ट.यूजर’ला माहीत असतं. तरीही लोक आयडी हिडनमध्ये का टाकतात, तर मॉडेलमध्ये (डेटाबेसच्या तक्त्याच्या आराखड्यात) ‘ग्राहक’ हे फील्ड आवश्यक असतं आणि त्यावरून बनलेला मॉडेलफॉर्म ते भरल्याशिवाय व्हॅलिड होत नाही. मग कुणीतरी ‘फील्ड्स’मध्ये ‘ऑल’ लिहून ठेवतं आणि नको असलेल्या फील्डांना हिडन विजेट (फील्ड पानावर छापणारा भाग) लावून पडद्यावरून घालवतं. पडद्यावरून गेली तरी ती फॉर्ममध्ये आहेतच. इन्स्पेक्टमध्ये ४१ चं ४२ केलं की शेजारणीच्या नावावर अनारसे.

करायचं असं: मॉडेलफॉर्मच्या ‘मेटा’मध्ये ‘फील्ड्स’ची यादी हाताने लिहा आणि ग्राहकाला त्यात घेऊच नका. व्ह्यूमध्ये, म्हणजे रिक्वेस्टला उत्तर देणाऱ्या कोडमध्ये, फॉर्म व्हॅलिड झाला की ‘फॉर्म.सेव्ह(कमिट=फॉल्स)’ म्हणा, हाती आलेल्या ऑब्जेक्टला ग्राहक म्हणून ‘रिक्वेस्ट.यूजर’ लावा आणि मग सेव्ह करा. फॉर्ममध्ये मेनी-टू-मेनी असेल तर त्यानंतर ‘सेव्ह_एम२एम’ही स्वतः बोलवावं लागतं. क्लास-बेस्ड व्ह्यू असेल तर हेच ‘फॉर्म_व्हॅलिड’ मेथडमध्ये.

एखादं फील्ड फॉर्ममध्ये राहणं गरजेचंच असेल पण ग्राहकाने ते बदलायला नको असेल, तर फील्डला ‘डिसेबल्ड=ट्रू’ द्या. हा पर्याय जँगो १.९ पासून आहे. मग कुणी काहीही पाठवलं तरी जँगो ते बाजूला सारतो आणि ‘इनिशियल’मधलीच व्हॅल्यू धरतो. मात्र एचटीएमएलमध्ये हाताने लिहिलेलं ‘डिसेबल्ड’ किंवा ‘रीडओन्ली’ हे काम करत नाही. ते ब्राउझरपुरतं असतं. डिसेबल्ड पायथनमध्ये, फील्डच्या व्याख्येतच लिहायचं.

तुकडी

काकूंच्या ऑर्डरी तुकड्यांनी निघतात. परदेशी पार्सलं दसरा झाला की लगेच, पुण्यातली वसुबारसेच्या आधी, आणि शेवटची तुकडी धनत्रयोदशीला, पण ती ज्याने त्याने येऊन न्यायची. ग्राहक आधीच्या पानावर तुकडी निवडतो आणि मग पदार्थांच्या फॉर्मवर येतो. ती निवड पुढे न्यायला हिडन फील्ड हवंच. सर्व्हरवर प्रत्येक ब्राउझरसाठी वेगळी नोंद असते त्या सेशनमध्येही ठेवता आली असती. पण लोक दोन टॅब उघडून एका तुकडीत आईसाठी आणि दुसरीत नाशिकच्या मावशीसाठी ऑर्डर टाकतात, आणि सेशनमध्ये शेवटची निवड पहिलीवर चढते. हिडन फील्ड त्या त्या फॉर्मचं स्वतःचं असतं.

इथे ‘इंटिजरफील्ड’ वापरू नका. ‘मॉडेलचॉइसफील्ड’ घ्या, विजेट हिडनइनपुट द्या आणि क्वेरीसेट (डेटाबेसमधून निवडायच्या ओळी) फॉर्मच्या ‘इनिट’मध्ये आखडता घ्या: फक्त आज खुल्या असलेल्या तुकड्या. मग बंद झालेल्या तुकडीचा नंबर कुणी टाकला, किंवा फॉर्म सकाळी उघडून रात्री सबमिट केला, तरी व्हॅलिडेशनच तो अडवतं आणि तुम्हाला वेगळी ‘इफ’ लिहावी लागत नाही. क्वेरीसेट क्लासच्या अंगात ‘ऑब्जेक्ट्स.ऑल’ लिहून मोकळं झालात तर ही सगळी गंमत गेली. अनेक व्हॅल्यू लपवून न्यायच्या असतील तर ‘मल्टिपलहिडनइनपुट’ वेगळं आहे. साधं हिडनइनपुट तिथे लावू नका.

तुकडीत किती किलोची जागा उरली आहे हा हिशोब मात्र फॉर्मच्या आवाक्यातला नाही. तो सेव्ह करताना, ‘ट्रान्झॅक्शन.अॅटॉमिक’च्या आत, तुकडीची ओळ ‘सिलेक्ट_फॉर_अपडेट’ने धरून करा.

आता या फील्डाचा खरा त्रास. तुकडी बंद झाली, ग्राहकाने फॉर्म पाठवला, फॉर्म इनव्हॅलिड झाला आणि जसाच्या तसा परत आला. लाल अक्षर कुठेच नाही. माणूस पुन्हा सबमिट दाबतो, पुन्हा तेच. मग काकूंना फोन.

कारण असं: तुम्ही टेम्पलेटमध्ये नुसतं ‘फॉर्म’ किंवा ‘फॉर्म.अॅज_पी’ लिहिता तेव्हा जँगो हिडन फील्डांच्या चुका गोळा करून फॉर्मच्या डोक्यावर छापतो, ‘हिडन फील्ड अमुक’ असं कंसात लिहून. पण डिझाइनसाठी फील्ड हाताने मांडायला घेतली की ही सोय जाते. ‘नॉन_फील्ड_एरर्स’ छापलंत तरी हिडन फील्डची चूक त्यात नसते, कारण ती त्या फील्डचीच चूक आहे. तेव्हा हाताने मांडताना दोन फेऱ्या लिहा. आधी ‘फॉर्म.हिडन_फील्ड्स’वर एक लूप, त्यात फील्ड छापा आणि लगेच त्याचे ‘एरर्स’ही. मग ‘फॉर्म.व्हिजिबल_फील्ड्स’वर दुसरा लूप, लेबलं आणि बाकी सजावटीसह. शिवाय तुकडीच्या फील्डला ‘एरर_मेसेजेस’मध्ये ‘इनव्हॅलिड_चॉइस’साठी माणसाच्या भाषेतलं वाक्य द्या: ‘ही तुकडी बंद झाली आहे, कृपया दुसरी निवडा.’ जँगोचं स्वतःचं वाक्य हिडन फील्डसाठी फारच चमत्कारिक वाटतं. जी गोष्ट दिसतच नाही ती नीट निवडा, असं ते सांगत असतं.

फॉर्म का अडतोय हे कळेना, तर व्ह्यूमध्ये ‘फॉर्म.एरर्स.अॅज_जेसन’ प्रिंट करा. माझ्याकडे ‘फॉर्म सेव्हच होत नाही’ म्हणून जे ज्युनिअर येतात, त्यांना मी आधी हेच करायला लावते.

आणि हिडन इनपुट टेम्पलेटमध्ये हाताने लिहायची सवय असेल तर एक सापळा सांगून ठेवते. सेटिंग्जमध्ये ‘यूज_थाउजंड_सेपरेटर’ चालू आहे आणि व्हॅल्यूमध्ये तुम्ही कंसांत ‘ऑर्डर.आयडी’ लिहिलंय. ९९९ पर्यंत सगळं सुरळीत. हजाराव्या ऑर्डरला जँगो छापतो ‘१,०००’, स्वल्पविरामासकट, आणि परत आल्यावर तो आकडा राहत नाही. ही चूक डेव्हलपरच्या मशीनवर कधीच दिसत नाही, कारण तिथे हजार ऑर्डरी नसतात. फील्ड फॉर्मकडूनच छापून घ्या. हातानेच लिहायचं असेल तर ‘अनलोकलाइझ’ फिल्टर लावा.

दर

दर काढून टाकायचा हे ठरलेलंच होतं. सर्व्हरवर पदार्थाच्या आयडीवरून दर शोधायचा, नगांनी गुणायचा, झालं. बहुतेक दुकानांना एवढं पुरतं आणि तिथेच थांबा.

काकूंचं मात्र थांबेना, कारण खोबरं किंवा तूप महागलं की त्या भर दुपारी दर बदलतात. ग्राहकाने फॉर्म उघडला तेव्हा चिवडा ४२०, सबमिट करेपर्यंत ४४०. पडद्यावर एक आणि पावतीवर दुसरं, हे पुण्यात खपत नाही. वीस रुपयांचा प्रश्न नसतो, तत्त्वाचा असतो, आणि तत्त्वाचा फोन पाऊण तास चालतो.

म्हणजे इथे ‘ग्राहकाला आपण कुठला दर दाखवला होता’ ही माहिती खरंच फॉर्मसोबत परत यायला हवी, पण वाटेत बदलता कामा नये. त्यासाठी सही. ‘जँगो.कोअर.साइनिंग’मध्ये ‘डम्प्स’ आणि ‘लोड्स’ आहेत. फॉर्म दाखवताना पदार्थाचा आयडी आणि दर यांची डिक्शनरी ‘डम्प्स’ला द्या, ‘सॉल्ट’ म्हणून या कामापुरतं एखादं नाव द्या, आणि मिळालेली लांबलचक स्ट्रिंग ‘भाव’ नावाच्या हिडन फील्डमध्ये ठेवा. परत आल्यावर ‘लोड्स’ला तीच स्ट्रिंग, तोच सॉल्ट आणि ‘मॅक्स_एज’ १८०० द्या, म्हणजे अर्धा तास. एक अक्षर जरी इकडचं तिकडे झालं तरी ‘बॅडसिग्नेचर’ एक्सेप्शन उडतं. वेळ संपली असेल तर ‘सिग्नेचरएक्स्पायर्ड’. दुसरं हे पहिल्याचंच पोटक्लास आहे, म्हणून ‘एक्सेप्ट’ लिहिताना एक्स्पायर्ड आधी. क्रम उलटा झाला तर उशीर करणारा साधा ग्राहकही तुमच्या लेखी फसवणारा ठरेल.

यात अडखळायच्या जागा चार.

दर ‘डेसिमल’ असतो आणि साइनिंगचा जेसन डेसिमल घेत नाही, टाइपएरर देतो. आधी स्ट्रिंग करा, परत घेताना डेसिमल करा. फ्लोट करू नका, पैशाला फ्लोट लावू नये.

सही म्हणजे कुलूप नव्हे. ती स्ट्रिंग बेस६४ असते आणि कुणीही उलगडून वाचू शकतं. तुमची खरेदीची किंमत किंवा ग्राहकाचा फोन नंबर त्यात घालू नका.

सही फक्त एवढंच सांगते की हे आपणच कधीतरी दिलं होतं. कुणाला, कशासाठी, ते सांगत नाही. पदार्थाचा आयडी आत ठेवला नाहीत, तर कुणी शंकरपाळ्यांचा सही केलेला दर उचलून काजूकतलीच्या फॉर्मला चिकटवेल, आणि सही अगदी खरी निघेल. आतला आयडी आणि फॉर्ममधला आयडी एकच आहेत का, हे ‘क्लीन’ मेथडमध्ये ताडून बघा. सॉल्ट वेगळा ठेवायचा तोही याचसाठी: एका कामाची सही दुसऱ्या कामाला चालू नये.

चौथी जागा सगळ्यात चिवट. वेळ संपली, तुम्ही एरर दाखवली, नवा दर ‘इनिशियल’मध्ये दिला आणि फॉर्म परत रेंडर केला. ग्राहक पुन्हा सबमिट करतो, पुन्हा ‘वेळ संपली’. कितीही वेळा करा, तेच. कारण बाउंड फॉर्म, म्हणजे पाठवलेला डेटा भरलेला फॉर्म, नेहमी तोच डेटा परत छापतो आणि इनिशियलकडे बघत नाही. दिसणाऱ्या फील्डांसाठी हे बरोबरच आहे, माणसाने टाइप केलेलं पुसून कसं चालेल? हिडन फील्डमध्ये मात्र तोच शिळा भाव पुन्हा पुन्हा जात राहतो. उपाय: ‘फॉर्म.डेटा’ची ‘कॉपी’ घ्या, त्यात ‘भाव’ नव्याने सही करून ठेवा आणि ती कॉपी ‘फॉर्म.डेटा’ला लावा. थेट बदलायला गेलात तर ‘क्वेरीडिक्ट’ बदलता येत नाही अशी एरर येते, म्हणून कॉपी. फॉर्मला प्रीफिक्स (फील्डच्या नावाआधी लागणारा शब्द) असेल तर फील्डचं नाव लिहिताना प्रीफिक्ससकट लिहा. आणि वर ठळक वाक्य: ‘दर बदलला आहे, नवा दर ४४० रुपये, पटत असेल तर पुन्हा पाठवा.’

सहीचा सगळा भार सेटिंग्जमधल्या गुप्त ‘सिक्रेट_की’वर असतो. ती गिटमध्ये टाकून बसला असाल तर आधी तिचं बघा.

परतीचा पत्ता

‘नेक्स्ट’ नावाच्या हिडन फील्डमध्ये ऑर्डर झाल्यावर कुठे जायचं तो पत्ता असतो. तो तसाच ‘रीडायरेक्ट’ला दिलात तर कुणीही तुमच्या साइटची लिंक पसरवून लोकांना भलत्याच साइटवर उतरवू शकतं, तेही तुमच्याच नावाने. ‘जँगो.यूटिल्स.एचटीटीपी’मध्ये ‘यूआरएल_हॅज_अलाउड_होस्ट_अँड_स्कीम’ नावाचं लांबलचक फंक्शन आहे. त्याला पत्ता आणि आपला होस्ट द्या. ते नाही म्हणालं तर सरळ मुख्य पानावर पाठवा. काकूंच्या साइटवर परतीची ठिकाणं दोनच होती, म्हणून मी ते फील्डच काढलं.

अनेक पदार्थ एका फॉर्मवर

एका ऑर्डरमध्ये चकली, चिवडा, लाडू असं सगळं असतं, म्हणजे फॉर्मसेट, एकाच पानावर त्याच फॉर्मच्या अनेक प्रती. फॉर्मसेटचं स्वतःचं हिडन भांडवल असतं, ‘मॅनेजमेंट_फॉर्म’. त्यात ‘टोटल_फॉर्म्स’ आणि ‘इनिशियल_फॉर्म्स’ हे मुख्य. हाताने टेम्पलेट लिहिताना ते छापायला विसरलात तर मॅनेजमेंट फॉर्मचा डेटा गायब आहे अशी तक्रार येते. ३.२ च्या आधी तिथे थेट एक्सेप्शन उडायचं, आता ती फॉर्मसेटची चूक म्हणून नोंदली जाते. मॉडेल फॉर्मसेट असेल तर प्रत्येक ओळीचा ‘आयडी’सुद्धा हिडन असतो. तो छापला नाही तर जुनी ऑर्डर एडिट होणार नाही.

‘आणखी एक पदार्थ’ हे बटण जावास्क्रिप्टने करताना ‘फॉर्मसेट.एम्प्टी_फॉर्म’ एकदा लपवून छापा, त्यातल्या ‘प्रीफिक्स’च्या जागी पुढचा क्रमांक घाला आणि टोटल_फॉर्म्स एकने वाढवा. शेवटचं राहिलं तर एरर येत नाही. नव्या ओळी गुपचूप गळतात, आणि ग्राहकाला कळतं ते डबा उघडल्यावर, करंज्या कुठे आहेत म्हणून.

फायरफॉक्समध्ये अजून एक गंमत होते. स्क्रिप्टने बदललेली हिडन व्हॅल्यू तो साध्या रीलोडनंतरही धरून ठेवतो. ओळी तीन आणि टोटल_फॉर्म्स पाच, असं दिसलं तर फॉर्मला ‘ऑटोकम्प्लीट’ ‘ऑफ’ द्या.

सीएसआरएफ

सीएसआरएफ म्हणजे दुसऱ्याच साइटने ग्राहकाच्या नावाने फॉर्म पाठवणं. ते अडवणारं टोकनही हिडन फील्डच आहे, ‘सीएसआरएफमिडलवेअरटोकन’. प्रत्येक वेळी वेगळं दिसतं म्हणून घाबरू नका, १.१० पासून ते दर वेळी नवा मुखवटा चढवून छापलं जातं. लॉगिन झालं की मात्र टोकन खरोखर बदलतं, त्यामुळे लॉगिनच्या आधी उघडा राहिलेला टॅब ४०३ देतो. रीफ्रेश करायला सांगा. आणि हे टोकन बाकीच्या हिडन फील्डांची राखण करत नाही. फॉर्म आपल्याच पानावरून आला एवढंच ते बघतं. माझी पाच रुपयांची ऑर्डर सीएसआरएफला अगदी मान्य होती.

जँगोऐवजी फ्लास्क वापरत असाल तर फ्लास्क-डब्ल्यूटीएफमध्ये ‘फॉर्म.हिडन_टॅग’ सगळी हिडन फील्डं टोकनसकट एकदम छापतं, आणि सहीसाठी ‘इट्सडेंजरस’ आहे. बाकी विचार तोच.

टेस्ट

ब्राउझरमधली छेडछाड टेस्टमध्ये करणं अगदी सोपं आहे, कारण ‘टेस्ट क्लायंट’ला फॉर्म लागतच नाही. ‘क्लायंट.पोस्ट’ला हवी ती डिक्शनरी द्या. मी चार टेस्ट लिहिल्या: डेटात दर म्हणून १ घुसवला तरी बेरीज रेटकार्डाप्रमाणेच येते, दुसऱ्याचा ग्राहक आयडी पाठवला तरी ऑर्डर लॉगिन केलेल्याच्याच नावावर पडते, बंद तुकडीचा नंबर दिला की फॉर्म अडतो आणि परत आलेल्या पानात ते वाक्य दिसतं, एका पदार्थाचा भाव दुसऱ्याला लावला की नाकारला जातो. तिसऱ्या टेस्टमध्ये ‘अॅसर्टकन्टेन्स’ने वाक्य तपासाच, नुसतं ‘इज_व्हॅलिड’ तपासून भागत नाही. टेस्ट क्लायंट सीएसआरएफ तपासत नाही. तो तपासायचा असेल तर ‘एन्फोर्स_सीएसआरएफ_चेक्स’ चालू करून वेगळा क्लायंट बनवा.

लाइव्ह झाल्यावर बॅडसिग्नेचर आलं की लॉगमध्ये वॉर्निंग नोंदवा, कोणाकडून आणि कुठल्या पदार्थावर ते लिहून. एक्स्पायर्डची नोंद नको. त्या दिवसभर येतच राहतात, विशेषतः दुपारी, फॉर्म अर्धवट टाकून मंडळी जेवून वामकुक्षीला गेलेली असतात तेव्हा.